पिग्मीवाला

घोडपदेवच्या त्या गल्लीत मला नाव नव्हतं.
चार वाजता वळणावर दिसलो की
व्यंकटी इस्त्री उभी करून ओरडायचा,
'बँक आली!'
पँटशर्टातला मी, मिशीवाला,
तेवीस वर्षं स्त्रीलिंगी होतो.

दहा, वीस, कधी पन्नास.
हिराक्काची नोट ओली, कोथिंबिरीची.
व्यंकटीची गरम.
याकूब खराद्याची तेलकट, दोन बोटांत धरून दिलेली.
कमरेचं मशीन बटण दाबलं की
जिभेसारखी पावती काढायचं.
ती कुणी वाचत नसे.
वाचायचे ते माझा चेहरा.

हिराक्कानं एकदा विचारलं,
'माझे वीस रुपये रात्री कुठं झोपतात रे?'
म्हटलं, झोपत नाहीत.
तिजोरीत घडीभर टेकतात, सकाळी कामाला निघतात.
याकूबनं कर्जावर नवं लेथ घेतलं ना,
त्याच्या एका चाकात
तुझी दोन वर्षांची कोथिंबीर फिरते.
ती हातातली जुडी ठेवून उठली,
जाऊन बघून आली.
'आवाज फार करतं,' म्हणाली, 'पण चालतंय.'
त्या आठवड्यापासून तिनं विसाचे तीस केले.

मला एवढीच अर्थव्यवस्था येत होती.

वरच्या मजल्यावर दुसरी होती.
तिथं एसी चालायचा, सह्या व्हायच्या,
ठाण्यापलीकडे एक टॉवर उभा राहत होता
ज्याला खिडक्या कधी बसल्याच नाहीत.
चेअरमनच्या मेहुण्याचा, हे नंतर कळलं.
मी खाली काउंटरला भरणा करायचो,
आणि माझ्या पिशवीतलं ओझं
जिन्यानं वर जात असताना
जिन्याकडे पाठ करून चहा प्यायचो.

मग एका शुक्रवारी
शटर अर्ध्यावर, त्याला डकवलेला कागद.
निर्बंध. खात्यामागे एक हजार.
माणसं कागद वाचत नव्हती.
वळून वळून मला शोधत होती.

घरी बसता आलं असतं.
बायको म्हणालीही, बसा.
सोमवारी चार वाजता पाय वळणावर.
व्यंकटी ओरडला नाही.
खाली मान घालून एकच कॉलर दाबत राहिला,
करपल्याचा वास येईपर्यंत.
याकूबनं आईवरून शिवी दिली.
मी ती जमा करून घेतली.
पावती दिली नाही.

हिराक्कानं पाटीखालून बिस्किटांचा डबा काढला.
आत चार वर्षांच्या पावत्या,
महिन्यामहिन्याला रबर लावलेल्या.
'वाच,' म्हणाली.

थर्मल कागद तो.
शाई सहा महिन्यांत उडते, मला ठाऊक होतं.
तिला अक्षरओळख नाही,
तिच्या लेखी कागद होता म्हणजे आकडा होता.

गठ्ठा सोडला, ट्यूबलाइटपुढे धरला.
कोरा.
कोरा.
एकावर बोटाएवढी हळद.
आणि मी वाचायला लागलो:
वीस. वीस. तीस.
गणपतीत पन्नास, दुसऱ्या दिवशी खाडा.
तीस. तीस.
ती प्रत्येकाला मान हलवत होती.
मागे कुणीतरी येऊन उभं राहिलं,
लेथ बंद झालेलं ऐकू आलं.
घसा कोरडा, तरी वाचत होतो,
कारण थांबलो तर
हे सगळे कागद माझ्या हातात कोरे राहणार होते.
आषाढाचा गठ्ठा. तीस, म्हणालो.
तीस. वीस.

'नाही,' हिराक्का म्हणाली,
'त्या दिवशी नातवाला ताप होता.
दहाच दिले होते.
दहाच लाव.'